आमची फियाट, तिच्या वायरी आणि तिचं पेट्रोल



यंदा दशलक्षण पर्वात मंदिरात भेटलेल्या तिघीचौघींनी मला एकच प्रश्न विचारला. उपवास कसे चाललेत हा नाही, तर "तुमची ती जुनी फियाट अजून चालते का हो?" हा. चालते. आणि आता तिचं बॉनेट मी उघडते, हे सांगितल्यावर एकीने माझ्या हाताच्या नखांकडेच बघितलं! म्हणून आज भाजणी-मुखवास बाजूला ठेवून फियाटबद्दल लिहिते.

गाडी १९७१ ची, फियाट ११०० डिलाइट. आमच्या मामंजींनी घेतलेली. त्या काळात गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे, तसे तेही थांबले. अँबॅसिडर नको, फियाटच हवी, हा त्यांचा हट्ट होता आणि त्याचं कारण ते अगदी छाती फुगवून सांगत. ही गाडी कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये बनायची आणि तो कारखाना काढला आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी, १९४४ साली. जहाजं, विमानं आणि मोटारी, तिन्हींत हात घालणारा माणूस आपल्या समाजातला, मग घरी मोटार आणायची तर त्यांचीच, असं मामंजींचं साधं गणित. पुढे १९७४ पासून हीच गाडी प्रीमियर पद्मिनी नावाने आली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत तुम्ही सगळ्या कधी ना कधी बसलाच असाल.

मामंजींनंतर गाडी यांनी सांभाळली. पन्नास वर्षं बॉनेटखाली फक्त यांचा आणि मिरजेच्या आमच्या चाचांचा, म्हणजे वायरिंगवाल्या मिस्त्रींचा, हात. मी वही सांभाळायची. बी.कॉम. झालेली बाई, खर्च लिहिल्याशिवाय मला झोप येत नाही. तारीख, किलोमीटर, काय बदललं, किती रुपये गेले, असं सगळं त्या वहीत आहे. आणि दोन वर्षांपूर्वी यांच्या उजव्या हाताला कंप सुरू झाला. चहाचा कप धरता येतो, पण पॉइंटचा स्क्रू धरता येत नाही. चाचाही आता पंचाहत्तरीचे, त्यांना वाकवत नाही. मग हे खुर्चीवर बसून सांगतात आणि मी करते, अशी आमची व्यवस्था झाली आहे.

पॉइंट म्हणजे काय, ते आधी सांगते, कारण जुन्या गाडीच्या तक्रारींत निम्म्याहून जास्त वेळा चोर तिथेच सापडतो. आजच्या गाडीत ठिणगी कधी पाडायची ते संगणक ठरवतो. आमच्या फियाटमध्ये ते काम डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखालची नखाएवढी दोन धातूची टोकं करतात. टोकं चिकटली की कॉइलमधून करंट वाहतो आणि सुटली की त्या क्षणी कॉइलमध्ये हजारो व्होल्टचा झटका तयार होऊन प्लगवर ठिणगी पडते. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे फिरत असेल तर ही टोकं मिनिटाला सहा हजार वेळा उघडतात. म्हणजे सेकंदाला शंभर! शेजारी कंडेन्सर नावाची छोटी डबी असते, ती टोकांना जळण्यापासून वाचवते. ती बिघडली की टोकांवर काळे खड्डे पडतात आणि गाडी मिसिंग करायला लागते.

दोन टोकांमधली फट अर्ध्या मिलिमीटरहून जरा कमी लागते. पोलादी पात्यांचा फिलर गेज मिळतो. त्यातलं योग्य पातं फटीत सरकवायचं, ते लोण्यातून सुरी जावी तसं निसटूनही जायला नको आणि अडकायलाही नको. पहिल्यांदा मला वाटलं, हे कसं जमणार. पण मैत्रिणींनो, पुरणपोळीची कड किती पातळ झाली हे बोटांना कळतं ना? तेच काम आहे. शेवयांचं पीठ मळलेले हात आहेत आपले.

फट लावून मी गाडी चालू करते आणि हे डोळे मिटून ऐकतात. "अगं, जरा ओढ अजून. अजून. बास." यांचा हात गेला, पण कान अजून पक्के आहेत.

डायनॅमोचं मात्र मला मनापासून कौतुक वाटत नाही. हळू इंजिनावर तो बॅटरी भरतच नाही. चौकात थांबलं की डॅशबोर्डवरचा लाल दिवा लुकलुकतो, हेडलाइट मंदावतात आणि गाडीने वेग घेतला की सगळं पुन्हा उजळतं. याला बिघाड समजू नये, त्याची जातच तशी. दिवा वेगातही विझला नाही, तर मात्र पट्टा सैल आहे का, कार्बन ब्रश झिजलेत का, कटआउटची टोकं चिकटलीत का, ते बघायचं. माझ्याकडे एक साधा मल्टिमीटर आहे. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट दिसले की बॅटरी भरलेली, १२.२ दिसले की निम्मी रिकामी. गाडी वेगात असताना १४ च्या आसपास यायला हवेत. हे आकडेही वहीत जातात. वर्षभराचे आकडे एकाखाली एक बघितले की बॅटरी कधी दगा देणार ते आधीच कळतं, ताळेबंदावरून दुकान कुठे चाललंय ते कळावं तसं.

फ्यूज आमच्या गाडीत चिनी मातीच्या छोट्या कांडीसारखे आहेत, टोकाला निमुळते, आठ अँपिअरचे. पावसाळ्यात त्यांच्या पट्ट्यांवर हिरवट थर धरतो आणि मग हॉर्न वाजत नाही की वायपर चालत नाही. फ्यूज बोटाने गोल फिरवला की काम होतं. काही जण फ्यूज उडाला की त्यावर चॉकलेटची चांदी गुंडाळतात. असं कुणी करताना दिसलं तर हात धरून थांबवा. फ्यूज उडतो तो वायर जळू नये म्हणून. चांदी लावली की जळायची पाळी वायरची, आणि वायर जाते कार्पेटखालून.

आमच्या घरी चातुर्मासात गाव न सोडण्याचं मामंजींचं व्रत होतं. आता ते आम्ही दोघं पाळतो. त्यामुळे गाडी चार महिने पोर्चमध्ये उभी. जुन्या गाडीला धावण्याचा त्रास होत नाही, उभं राहण्याचा होतो. आषाढात मी बॅटरीची वायर सोडवून ठेवते. आधी वजा टोकाची, कारण आमच्या गाडीत वजा टोक पत्र्याला जोडलेलं आहे. आधी अधिक टोक सोडवायला गेलं आणि पाना पत्र्याला लागला तर भडका उडतो. टोकांवरचा पांढरा थर गरम पाणी आणि खायच्या सोड्याने धुवून वर व्हॅसलीन लावते.

आणि उंदीर. वायरीवरचं वेष्टण त्यांना फार आवडतं. औषध घालायचं नाही हे तर ठरलेलंच. मग आम्ही बॉनेट उघडंच ठेवतो, आत दिवसभर उजेड जातो आणि अंधाराची ऊब नाही म्हटल्यावर उंदीर घर करत नाहीत. मुख्य वायरींवर नळी चढवली आहे, शिवाय पिंजरा आहे. सापडला तर नदीकाठी सोडून येतो. रविवारी बॉनेटखाली आधी मऊ ब्रश फिरवायचा, कोळी-मुंग्यांना बाजूला होऊ द्यायचं आणि मगच फडकं. चाचा हसतात, पण त्यांनीही आता आमच्या गाडीत फुंकर मारूनच हात घालायची सवय लावून घेतली आहे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा पोर्चमधली गाडी सीटपर्यंत बुडाली होती. पूर ओसरल्यावर शेजारच्यांनी आपली गाडी चावी फिरवून बघितली आणि इंजिन कायमचं गेलं. चाचांनी आम्हाला निरोप धाडला होता, "वहिनी, चावीला हात लावायचा नाही." बॅटरी काढली. डायनॅमो, स्टार्टर, डिस्ट्रिब्युटर सगळं सुटं करून स्वच्छ पाण्याने गाळ धुतला, आठवडाभर उन्हात वाळवलं. टाकीतलं पेट्रोल काचेच्या बरणीत काढलं तर खाली पाणी आणि वर पेट्रोल, दोन थर अगदी स्पष्ट. पाणी जड, त्यामुळे ते तळाशी बसतं आणि इंजिनाकडे जाणारी नळी नेमकी तळातूनच घेते. तीन महिने लागले, पण गाडी उठली.

आताच्या पेट्रोलची गोष्ट वेगळी आहे. त्यात आता वीस टक्के इथेनॉल असतं. उसाच्या पट्ट्यात राहून इथेनॉलला नावं ठेवायची सोय नाही, आमच्या भाऊबंदांची निम्मी शेती उसाची! पण जुन्या गाडीला ते मानवत नाही, हे खरं. इथेनॉल हवेतली ओल शोषून घेतं, पाणी काही प्रमाणापर्यंत पोटात ठेवतं आणि मर्यादा ओलांडली की पाण्यासकट तळाशी जाऊन बसतं. टाकीत पन्नास वर्षांचा चिकट थर असतो तो सोडवून कार्बोरेटरच्या जेटमध्ये आणून अडकवतं. आणि जुन्या रबराला फुगवतं.

हे मला पुस्तकातून नाही, नाकाने कळलं. मागच्या फाल्गुनात नातीला घेऊन आम्ही कुंभोजच्या बाहुबलीला निघणार होतो. गाडी पाच मिनिटं तापवली आणि हे म्हणाले, "वास येतोय, बंद कर." बॉनेट उघडलं तर पंपाकडून कार्बोरेटरकडे जाणारा रबरी पाईप शेवग्याच्या उकडलेल्या शेंगेसारखा मऊ झालेला आणि जोडावर ओला. खाली तापलेलं इंजिन, शेजारी प्लगच्या वायरी. नात मागच्या सीटवर पाण्याची बाटली घेऊन बसली होती. मी तिला आधी उतरवलं, मग बॅटरी सोडवली.

त्या संध्याकाळी मुलगी फोनवर रडली. "आई, विकून टाका. बाबांचा हात चालत नाही, तू सहासष्टची. कशासाठी हा जीवघेणा परिग्रह?" तिचं म्हणणं मला खोडता आलं नाही. पुण्याच्या एका गृहस्थांनी चांगली किंमतही देऊ केली होती. मी वही काढून बसले. घसारा धरला तर हिशेबात गाडीची किंमत केव्हाच शून्य झाली आहे आणि मागच्या वर्षी तिच्यावर ११,४०० रुपये गेले. आकड्यांच्या बाजूने बघितलं तर उत्तर एका ओळीत येत होतं.

मी यांना विचारलं, तर ते इतकंच म्हणाले, "पाईप बदलून बघू. मग पुन्हा वास आला तर तूच फोन कर पुण्याला." मला ते पटलं. आसक्ती असली तरी तिला अट घातलेली होती.

मग मी आणि चाचांच्या मुलाने टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचा एकूण एक रबरी पाईप बदलला. साधा नाही, आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांना लागतो तो, इथेनॉल सोसणारा. क्लिपाही नव्या. एसी पंपाचा, म्हणजे इंजिनावर चालणाऱ्या पेट्रोल पंपाचा, पडदा बदलला, मधे पारदर्शक फिल्टर घातला म्हणजे कचरा आणि पाणी डोळ्यांना दिसतं. इथेनॉलमुळे मिश्रण पातळ पडतं, इंजिन तापतं, म्हणून कार्बोरेटरमध्ये एक नंबर मोठा जेट बसवला. या सगळ्याचे ४,२०० झाले. काम भर दुपारी, उघड्यावर, देवघरातल्या दिव्यापासून लांब. पेट्रोल तोंडाने ओढून काढायची जुनी रीत आमच्या घरी आता बंद आहे. चातुर्मासाआधी टाकी काठोकाठ भरते, म्हणजे आत ओल धरायला जागा राहत नाही, आणि कार्बोरेटरमधलं पेट्रोल मात्र संपवून टाकते.

मुलीने आणखी एक सुचवलं होतं. २०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या मूळ अवस्थेतल्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, नंबरात "व्हीए" अक्षरं, फी २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी. मान मोठा आहे. पण मग ती रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढ्यापुरतीच. बाहुबलीला जाता येणार नसेल तर तो नंबर आम्हाला नको, असं दोघांनी ठरवलं. दर पाच वर्षांनी आरटीओत जाऊन जुनीच नोंदणी पुढे चालवू.

तेव्हापासून वास आलेला नाही. मी दर रविवारी पाईप बोटाने दाबून बघते आणि वहीत बरोबरची खूण करते. दिवाळीला वीर निर्वाणाचा लाडू चढवून आलो की बॅटरी जोडायची आहे. कोरड्या पावडरचा आग विझवायचा सिलिंडर सीटखाली आहेच, पण तो नातीच्या बाजूला नको, ड्रायव्हरच्या हाताशी हवा, तेवढी पट्टी चाचांच्या मुलाकडून ठोकून घ्यायची राहिली आहे.