पत

पैसा हे सर्व पापांचे मूळ आहे, असे वाक्य घरोघरी सहज बोलले जाते. ते शब्दशः खरे मानून एका देशाने पैसाच नाहीसा केला होता. तो देश म्हणजे कंबोडिया. आज तेथे जाणारा बहुतेक प्रवासी अंगकोरची मंदिरे पाहून परततो. परंतु व्यापारउदीम करणाऱ्या माणसाने राजधानी नॉम पेन्हच्या बाजारातही थोडा वेळ थांबावे.

शहराच्या मध्यभागी पिवळ्या घुमटाची जुनी बाजारपेठ आहे. फ्रेंच अमदानीत, १९३७ मध्ये ती बांधली गेली. येथे डॉलर आणि रिएल ही दोन्ही चलने एकाच गल्ल्यात नांदतात. एका डॉलरला सुमारे चार हजार रिएल, असा साधारण हिशेब. नाणी वापरात नाहीत, त्यामुळे डॉलरच्या आतली मोड रिएलच्या नोटांतच मिळते. डॉलरची नोट पुढे केली की विक्रेती ती उजेडात धरते, कडा न्याहाळते आणि कोपरा किंचित फाटला असेल तर हसून परत करते. रिएलची चुरगळलेली नोट मात्र ती बिनतक्रार घेते. नवख्याला या चोखंदळपणाची गंमत वाटते. त्यामागचा इतिहास कळला की गंमत उरत नाही.

१७ एप्रिल १९७५ रोजी ख्मेर रूजने राजधानी ताब्यात घेतली. काही दिवसांतच आजारी, वृद्ध, बाळंतिणी अशा सर्वांना खेड्यांकडे हाकलण्यात आले. सुमारे वीस लाखांची वस्ती असलेले शहर ओस पडले. बाजार बंद झाले, खाजगी मालमत्ता संपली, चलन रद्द झाले. राष्ट्रीय बँकेची इमारत तर सुरुंगाने उडवून देण्यात आली. नव्या राजवटीने चीनमध्ये स्वतःच्या नोटाही छापून घेतल्या होत्या. पण त्या देशभर चलनात कधीच आल्या नाहीत. पैशाविना समाज चालवायचा, असेच ठरले.

पैसा गेल्याने लोभ गेला का? गेले ते वेगळेच. खिशात चार पैसे असलेला माणूस एका दुकानात पटले नाही तर दुसऱ्या दुकानात जाऊ शकतो. एक धनी सोडून दुसऱ्याकडे काम मागू शकतो. पैसा गेला तसा हा नकाराचा हक्कही गेला. उरली केवळ सामुदायिक भोजनशाळेतील पातळ पेज, आणि ती वाढणाऱ्याची मर्जी. हेक्टरी तीन टन भाताचे लक्ष्य वरून ठरले. ते गाठले नाही असे कळवण्याची अधिकाऱ्यांची छाती नव्हती, म्हणून आकडे फुगवले गेले. कागदावर दिसणारे धान्य सरकारजमा झाले आणि पिकवणारा उपाशी राहिला. खोट्या ताळेबंदाने पेढी बुडते हे व्यापाऱ्याला ठाऊक असते. तेथे माणसे बुडाली. उपासमार, रोगराई, अतिश्रम आणि हत्या यांत पंधरा ते वीस लाख लोक मरण पावले, असा अंदाज आहे.

याच शहरात तुओल स्लेंग हे ठिकाण आहे. एकेकाळची ही शाळा त्या काळात तुरुंग झाली होती. बारा हजारांहून अधिक बंदी येथून मृत्यूकडे गेले. १९७९ मध्ये जिवंत सापडले ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. आता तेथील भिंतींवर त्या बंद्यांची छायाचित्रे ओळीने लावली आहेत. ती तुरुंगातच काढलेली, व्यवस्थित क्रमवार जपलेली. जबान्याही तशाच नीट लिहून ठेवलेल्या. ज्या राजवटीने पैशाचा हिशेब मोडीत काढला, तिने माणसांची नोंद मात्र काटेकोर ठेवली. नोंद चोख असणे म्हणजे व्यवहार सचोटीचा असणे नव्हे, ही गोष्ट त्या दालनांत जितकी अंगावर येते तितकी क्वचितच कोठे येत असेल.

७ जानेवारी १९७९ रोजी ती राजवट कोसळली. लोक परतले, तेव्हा हाती चलन नव्हते. भाकरीच्या मोलाने नव्हे, तर मापभर तांदळाने आणि सोन्याच्या तुकड्याने देवघेव सुरू झाली. सरकारी नोकरांनाही मोबदला तांदळात मिळे. २० मार्च १९८० रोजी रिएल पुन्हा आला. नोट छापण्यास थोडे दिवस पुरले, तिच्यावर विश्वास बसण्यास पिढी लागली. १९९२-९३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेबरोबर डॉलर मोठ्या प्रमाणात आला आणि तेथेच रुळला. ज्यांनी एकदा सारी पुंजी एका रात्रीत कागद होताना पाहिली, त्यांनी परक्या नोटेचा कोपरा तपासून घेतला तर नवल ते काय?

मराठीत ‘पत’ हा शब्द कर्जालाही लागतो आणि अब्रूलाही. पत म्हणजे अनोळखी माणसाने आपल्यावर टाकलेला विश्वास. ती टाकसाळीत पाडता येत नाही आणि हुकमाने निर्माणही करता येत नाही. रोजच्या चोख देण्याघेण्यातून ती साठत जाते. पैशाचा लोभ वाईट, हे खरेच. परंतु लोभावर उपाय संयम आहे, पैसा नष्ट करणे नव्हे.

संध्याकाळी त्या पिवळ्या घुमटाखाली दुकाने आवरली जातात. विक्रेती दिवसाच्या नोटा मोजते, डॉलर वेगळे, रिएल वेगळे, आणि शेजारणीला सकाळची उसनी मोड परत देते. त्या चार मळक्या रिएलांकडे दोघींपैकी कोणीही निरखून पाहत नाही.