पाऊण सेकंदाच्या आत

चि. बाळ,

तू पाठवलेला फोटो मी दोनदा उघडून बघितला. त्यात वायोमिंगचा माळ नाही, जनावर नाही, तूही नाहीस. नुसता फोनचा पडदा, बंदुकीच्या नेमाचं गणित करणाऱ्या तुझ्या ॲपचा. अंतर ५०० मीटर, नेमाचा कोन वर ३.१ मिल, डावीकडे ०.८. खाली तुझी ओळ, ‘मामा, तुझंच फिजिक्स!’

खरं सांगू? आधी ऊर भरून आला. नवापूरच्या वर्गात मी फळ्यावर पॅराबोला काढायचो, तेव्हा मागच्या बाकावरून ‘सर, यात हवा कुठे आहे?’ असं विचारणारा तू एकटाच. हवा आम्ही सोडूनच द्यायचो, अभ्यासक्रमात नव्हती. तुझ्या त्या प्रश्नामुळे मी पुस्तकं मागवून पुन्हा शिकलो, हे तुला कधी सांगितलं नाही. आज सांगतो.

त्या हवेपायी माणसांनी काय काय केलं रे! जर्मनीत क्रूपच्या तोफा झाडून १८८१ च्या सुमारास हवेचा रोध मोजला गेला. त्यातून आलेलं जी-१ कोष्टक अजून तुझ्या ॲपमध्ये बसलंय. लांब, मागे निमुळत्या होत गेलेल्या गोळीला जी-७ हे दुसरं कोष्टक जास्त जुळतं. अमेरिकेच्या लष्करानं एनिॲक हा संगणक बांधून घेतला तोही मुळात तोफांच्या कोष्टकांसाठी, आणि १९४६ मध्ये तो जगापुढे आला. हातानं चालवायच्या यंत्रावर एका तोफगोळ्याचा मार्ग काढायला माणसाला वीसेक तास लागायचे, एनिॲकला अर्धं मिनिट. तुझा फोन बोट उचलायच्या आत उत्तर देतो.

एक विचारतो, ॲपमध्ये हवेचा दाब कुठला भरतोस? हवामानाच्या बातमीतला दाब समुद्रसपाटीवर आणून सांगितलेला असतो. दोन हजार मीटर उंचीवर खरा दाब ८०० हेक्टोपास्कलच्या आसपास असतो. तिथे १०१३ भरलास तर यंत्राला वाटेल तू समुद्रकिनारी उभा आहेस, आणि ते बिचारं मुकाट्यानं चुकीचं उत्तर देईल. तुझा ३.१ चा आकडा मी वहीत ताडून पाहिला. आपल्या नवापूरच्या जाड हवेत तोच ३.४ च्या घरात जातो. म्हणजे दाब तू बरोबर भरला होतास. शाब्बास.

पण मग वारा? तो तुझ्या हातातल्या केस्ट्रेल वारामापकानं मोजला, तू उभा होतास तिथला. मधल्या नाल्यातला कोणी मोजला? पलीकडच्या उतारावरचा? पृथ्वीच्या फिरण्याचा हिशेब यंत्र चोख करतं. पाचशे मीटरवर त्याचा फरक दोन सेंटीमीटरसुद्धा नाही. गोळीच्या गिरकीमुळे फार तर चार-पाच. आणि वाऱ्याच्या अंदाजात सेकंदाला एका मीटरची चूक झाली, तर गोळी नऊ-दहा सेंटीमीटर बाजूला. तुझ्या त्या प्राँगहॉर्नच्या, म्हणजे तिथल्या हरणासारख्या जनावराच्या, काळीज-फुफ्फुसांचा भाग तो केवढा, वीस-पंचवीस सेंटीमीटर. म्हणजे मधोमध धरलेला नेम कडेला गेला. ०.८ मधला तो दशांश वाऱ्याच्या बाबतीत खोटा दिलासा आहे, बाळ. यंत्राचं गणित चुकत नाही, तुझा अंदाज चुकतो, आणि पडद्यावर दोन्ही सारख्याच ठळक अक्षरात दिसतात.

आणि गोळी पोचायला पाऊण सेकंदाच्या जरा आत, एवढा वेळ लागतो. तेवढ्यात चरणारं जनावर एक पाऊल टाकतं. अर्धा-पाऊण मीटर. खांद्यामागे धरलेली गोळी पोटात जाते. हे पाऊल कुठल्या रकान्यात भरायचं?

आजा आठवतो ना? शेवटच्या आजारपणात त्याच्या उशाशी बसून तासन् तास ऐकणारा तूच होतास, आम्हाला कुणाला सवड नव्हती. तो चिमूटभर धूळ सोडून वारा बघायचा. तू समजलास तीर वाहवू नये म्हणून. आजा हसला होता. वीस पावलांवरून तिराला वारा काय करणार? तो बघायचा आपला वास जनावराकडे जातोय का. वास गेला की शिकार संपली, घरी जायचं. जनावराला आपण कळायची संधी त्यात होती. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि नंतर तीर-कामठा आढ्याला गेला, ते योग्यच झालं. आपल्या डोंगरांत उरलंय तरी किती? मी तुला आजासारखा हो म्हणत नाही. तू परवाना काढतोस, मांस वाया घालवत नाहीस, तिथला कायदा पाळतोस. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार अंतराची आहे. आणि ती माझ्या एकट्याची नाही. थिओडोर रूझवेल्टनं १८८७ मध्ये काढलेला बून अँड क्रॉकेट क्लब शिकाऱ्यांचाच ना? त्यांचंही म्हणणं हेच, की जनावराला आपली चाहूल लागायची जोखीमच नको आणि बंदूक किती लांब मारते तेवढंच पाहायचं, तर ती शिकार नव्हे. तुला हजार मीटर मारायचंय? जरूर मार, लोखंडी पाटीवर. यंत्राची सगळी मजा तिथे आहे, आणि चुकलास तर पुढची गोळी भर, वारा पुन्हा वाच. आपल्या राधानगरीकडचा स्वप्नील कुसाळे १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलचं कांस्य घेऊन आला. तिथे चुकला असता तर गुण गेले असते, कुणी तडफडलं नसतं.

जिवंत जनावरासाठी तुझं अंतर यंत्राला विचारू नकोस. अनोळखी वाऱ्यात, अंगाखाली दगड टोचत असताना, धाप लागलेली असताना, पहिली गोळी थाळीएवढ्या जागेत दरवेळी बसते ते अंतर पाटीवर शोध. दोनशे निघालं तर दोनशे. त्याच्या पुढे दिसलं तर वाकून, रांगून जवळ जा; पळालं तर पळू दे.

फोनवर मी विचारलं, ‘लागलं का?’ तू म्हणालास, ‘लागलं.’ मग म्हणालास, ते नाल्यापलीकडे गेलं, अंधार पडत होता. आणि तू थंडीचं बोलायला लागलास. मी पुढे विचारलं नाही, तुझा आवाज ऐकून विचारवलं नाही. पण तेव्हापासून डोक्यातून जात नाही. रक्ताचा माग किती वेळ काढलास? सकाळी परत गेलास का? काय सापडलं? आकड्यांचा फोटो नको. हे लिही, जसं झालं तसं.

तुझा मामा,
नवापूर