तुसाचा माग

डोलवीच्या खारबांधावर भरती चढू लागली की आजोबा मुठीत भाताचं तूस घेऊन निघत. आत शेतात कुठेतरी खारी ओल फुटलेली असे. खेकड्याच्या नाहीतर उंदराच्या बिळातून खाडी आत शिरलेली, पण कुठल्या? एकेका बिळाच्या तोंडाशी ते चिमूटभर तूस सोडत आणि मी आतल्या अंगाला, चिखलात उकिडवा, डोळे लावून बसे. पिवळा कण वर तरंगला की वाट सापडली.

मेंदूतल्या वाटा शोधणारेही तूसच सोडतात, फक्त ते उलटं धावतं. उंदराचा मेंदू जेमतेम दोन ग्रॅमचा. त्याच्या एका कोपऱ्यात थेंबाहून थोडं माग-द्रव्य सोडायचं. तिथे येऊन टेकलेले चेतातंतू ते शोषतात आणि ओहोटीच्या पाण्यासारखं मागे मागे, आपल्या मूळ पेशीपर्यंत नेतात. मग मेंदूचे केसाहून पातळ काप घेऊन त्यांवर हव्या त्या पेप्टाइडलाच, म्हणजे पेशीतल्या निरोप्या रेणूलाच, चिकटणारी प्रतिपिंडं सोडायची. एकाच पेशीत माग-द्रव्याचा आणि प्रतिपिंडांचा असे दोन्ही रंग उजळले की कळतं, हे पेप्टाइड बाळगणारी पेशी इथली आणि तिचा तंतू पार तिथवर गेलेला.

नागपूर विद्यापीठातले दादासाहेब कोकरे, पुण्याच्या आयसरमधले निशिकांत सुभेदार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2018 साली अशीच एक वाट मांडली. ‘कार्ट’ नावाच्या पेप्टाइडच्या पेशी हायपोथॅलॅमसच्या कडेला. तिथून थॅलॅमसमधल्या एका लहानशा केंद्रात उतार. तिथून ग्लुटामेट या रसायनाच्या हाती निरोप पुढे, सुखाची जाण जिथे उमटते त्या अ‍ॅक्युंबन्सपर्यंत. मधल्या केंद्रात कार्ट सोडलं तर उंदीर सुखासाठी कळ अधिक वेळा दाबतो.

हे वाचलं आणि बांधावरचे उंदीर आठवले. काठी घेऊन मी त्यांच्यामागे धावलेलो. त्यांच्याच जातीचा एक जीव काचेखालच्या त्या दोन रंगांसाठी संपतो. त्याचं ऋण मला मोठं वाटतं.

आता बांधापलीकडे पोलाद कारखान्याचे दिवे रात्रभर जळतात. आजोबा नाहीत. तरी खाऱ्या चिखलाचा वास आला की आत काहीतरी ओलावतं. ती ओल कुठल्या बिळातून येते ते बघत मी अजून आतल्या अंगाला उकिडवा बसतो, पिवळ्या कणाची वाट पाहत.