दार आतून लागतं

पालखीच्या मुक्कामाला पुण्याच्या पेठांमध्ये वाचायला पाट्या पुष्कळ मिळतात. चहा, केळी, राजगिऱ्याचे लाडू, चपला शिवून मिळतील, पाय चेपून मिळतील, दाढी-कटिंग मोफत. ज्येष्ठ वद्यात दोन्ही पालख्या शहरात येतात. माउलींची भवानी पेठेत पालखी विठोबाच्या देवळात उतरते, तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला, आणि दिंड्या मग शाळा, देवळं, मंगल कार्यालयं, वाडे, जिथे जागा मिळेल तिथे पसरतात. मी तांबट आळीतून कसबा गणपतीकडे निघाले होते. एका वाड्याच्या दिंडी दरवाज्याला सुतळीने बांधलेला पुठ्ठा दिसला. निळ्या स्केचपेनने, बालबोध वळणाच्या अक्षरात चार ओळी लिहिलेल्या.

फक्त बायकांसाठी.
अंघोळीची सोय.
गरम पाणी आहे.
दार आतून लागतं.

पहिल्या तीन ओळी कुणीही लिहिल्या असत्या. चौथी लिहायला बाईच हवी. आळंदीहून पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास. त्या वाटेवर निघालेल्या बाईला नेमकं काय हवं असेल, याचा आदल्या रात्री बसून विचार केलेली बाई हवी.

आत गेले. चौकात दोन तांब्याचे बंब धुमसत होते, एक वाड्यातला आणि एक समोरच्या घरून उचलून आणलेला. शेजारचा वाडा पाडला तेव्हाच्या सागवानी ढलप्या जळणाला होत्या. नळाचं पाणी ठरावीक वेळेला येतं आणि जातं, म्हणून आदल्या दिवशीच पिंपं, बादल्या, घंगाळं, अगदी कळशासुद्धा भरून ओळीने ठेवल्या होत्या. थोरल्या काकू पाटावर बसून साबणाच्या वड्या दोऱ्याने अर्ध्या करत होत्या. एका ताटात सेफ्टी पिना, कंगवे, खोबरेल तेलाच्या पुड्या, हुकांची पाकिटं. शिंपी आळीतल्या एक मावशी आपलं हातमशीन घेऊन ओसरीवर बसलेल्या. उसवलेल्या चोळ्या, तुटलेली नाडी, फाटलेला काठ, जे येईल ते शिवत होत्या. खराडीच्या कंपनीत काम करणारी एक मुलगी सुट्टी घेऊन आलेली. तिने ओढणी आडवी घेऊन कमरेला गाठ मारली होती आणि ती बादल्या वाहत होती. भाजीवाल्या वहिनी होत्या, बालवाडीच्या बाई होत्या. त्यांच्या मागे कुठलं मंडळ नव्हतं, कुणाच्या नावाचा फलकही नव्हता. गल्लीतल्या बायकांनी आपसात ठरवलं होतं.

न्हाणीच्या दाराला नवी कडी बसवली होती. लाकडावरचा पटाशीचा घाव अजून ताजा दिसत होता.

माझं लहानपण याच पेठेतल्या एका वाड्यात गेलं. आठ बिऱ्हाडं, चौकात एक नळ, मागच्या अंगाला दोन न्हाण्या. एकीच्या दाराची कडी कधी गेली ते कुणालाच आठवत नव्हतं. दुसरीला दारच नव्हतं, गोणपाटाचा पडदा होता. पुरुष चौकात नळावरच अंघोळ उरकायचे. बायकांची अंघोळ म्हणजे दोघींचं काम, एक आत आणि एक बाहेर. “मी उभी आहे गं, कर सावकाश.” बाहेरची तांदूळ निवडायची, लेकीची वेणी घालायची, वरच्या मजल्यावरच्या बाईशी गप्पा मारायची, पण पाठ दाराला लावून. माझ्या आईचं आणि समोरच्या वहिनींचं एकदा नळावरून वाजलं आणि कितीतरी दिवस बोलणं बंद राहिलं. त्या दिवसांतही दोघी एकमेकींसाठी दारात उभ्या राहायच्या. बोलायच्या नाहीत, आपण आहोत हे खोकून कळवायच्या. सेवा म्हटलं की माझ्या मनात आधी ती दाराला टेकलेली पाठ उभी राहते, हार-तुरे फार नंतर येतात.

म्हणूनच असेल, १९०४ मध्ये मुंबईत भारत महिला परिषदेच्या अध्यक्षस्थानी बसलेल्या रमाबाई रानड्यांपेक्षा आळंदीच्या जत्रेतल्या रमाबाई मला जवळच्या वाटतात.

त्यांचे पती, न्यायमूर्ती माधवराव रानडे, १९०१ च्या जानेवारीत गेले. रमाबाई तेव्हा ३८ वर्षांच्या. मुंबई सोडून त्या पुण्यात रानड्यांच्या जुन्या वाड्यात राहायला आल्या. तो वाडा मंडईजवळ, कसब्यातून पायी जाण्याइतका जवळ. त्या काळी विधवा बाईसाठी जग माजघरापाशी संपायचं. आणि या बाईने तर त्या घरात सधवा असतानाही पुष्कळ सोसलं होतं. १८७३ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, देवराष्ट्र्याच्या कुर्लेकरांची ही मुलगी लग्न होऊन आली तेव्हा तिला अक्षरओळख नव्हती. माधवरावांनी तिच्या हातात पाटी दिली, आणि घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना ती पाटी सहन झाली नाही. दिवसभर त्यांच्या हाताखाली राबायचं, टोमणे ऐकायचे, उलट बोलायचं नाही, आणि रात्री पुस्तक उघडायचं. ‘आमच्या आयुष्यांतील कांही आठवणी’ मध्ये त्यांनी हे सगळं लिहिलं आहे, कुणावर राग न धरता. मला ते पुस्तक फार प्रिय आहे. मराठीतल्या मोठ्या गद्यग्रंथांमध्ये मी ते निःसंकोच धरते. पण ते माधवरावांच्या मृत्यूपाशी थांबतं. प्रसिद्ध झालं १९१० मध्ये, आणि पुण्याचं सेवासदन, रमाबाईंची बायकांसाठीची संस्था, उभं राहिलं १९०९ मध्ये. त्यानंतर १९२४ मध्ये डोळे मिटेपर्यंत बाईंनी जे केलं, ते त्यांनी अशा पुस्तकात मांडलं नाही. नवऱ्याचं आयुष्य लिहिलं, आपलं स्वतःचं नुसतं जगल्या.

त्या न लिहिलेल्या वर्षांत आळंदी आहे. आषाढी-कार्तिकीच्या यात्रांना सेवासदनाच्या बायका घेऊन त्या आळंदीला जात, यात्रेकरू बायकांच्या मदतीला. या बरोबरच्या बायका कोण होत्या ते पाहिलं पाहिजे. सेवासदनात दुपारचे वर्ग असत. घरची जेवणं, उष्टी-खरकटी आटोपून प्रौढ बायका तिथे लिहायला-वाचायला, शिवण शिकायला येत. कुणी विधवा, कुणी चार मुलांची आई, कुणी सासूच्या परवानगीने आलेली, कुणी परवानगीशिवाय. “शिकायला जाते” हे म्हणायला त्या काळी छाती लागायची. “जत्रेला जाते, गंमत बघायला” हे तर कुणी म्हणूच शकत नव्हतं. पण “सेवेला जाते, माउलींच्या दारी जाते” याला नाही कोण म्हणणार? रमाबाईंनी ही वाट नेमकी ओळखली असं मला वाटतं. पुण्यातल्या घरांची दारं बाहेरून लावलेली होती, आणि ती उघडायला सेवा ही एकच किल्ली चालत होती. त्यांनी ती बायकांच्या हातात दिली.

मी ते चित्र मनाशी रंगवत राहते. इंद्रायणीचा घाट, पहाटेचा अंधार, हजारो माणसं पाण्यात. दोन बायका लुगडं ताणून आडोसा धरून उभ्या, पलीकडे खेड्यावरची एक बाई ओलेती बदलते आहे. चुकलेलं पोर कडेवर घेऊन एकजण आईला हाका मारत फिरते आहे. हिने आजवर आपल्या गल्लीतसुद्धा मोठ्याने हाक मारलेली नाही. ब्राह्मण वाड्यातली विधवा आणि घोंगडीवर झोपलेली कुणबीण यांचा एरवी एकमेकींच्या अंगाला हात लागला नसता, तो जत्रेत लागला असेल. ताप आलेल्या कपाळावर हात ठेवताना जात विचारायची कशी? सेवासदनाने पुढे बायकांना परिचारिकेचं शिक्षण घ्यायला ससूनमध्ये पाठवलं, तेव्हा गहजब झाला तो यावरूनच. परक्याचं अंग पुसायचं, जखम धुवायची, रात्रपाळी करायची, हे घरंदाज बाईला शोभतं का, म्हणून. तो गहजब पचवायचं बळ त्यांच्यात आळंदीच्या घाटावर थोडंफार आलं असेल, असं मी धरून चालते. रमाबाई स्वतः तुरुंगातल्या बायकांना भेटायला जात, इस्पितळात फळं, फुलं, पुस्तकं घेऊन जात. पुण्यात मुलींनाही सक्तीचं प्राथमिक शिक्षण मिळावं म्हणून चळवळ झाली तेव्हा त्या तिच्या पुढे होत्या. मुलांना सक्तीचं, मुलींचं पुढे बघू, असा सूर होता गावात. ज्या बायका जत्रेच्या गर्दीत एकत्र वावरल्या होत्या, त्यांना रस्ता तेवढा परका वाटला नसणार.

आज या वाड्याच्या चौकात पाणी काढणाऱ्या बायकांना कुणाच्या परवानगीची गरज नाही, असं पटकन वाटतं. मग पायरीवर बसलेल्या सूनबाई शेजारणीला सांगताना ऐकलं, “इतकी वर्षं झाली लग्नाला, गल्लीत अशी बसले नव्हते कधी.” कसब्यातले कट्टे पुरुषांचे. सकाळी पेपर, संध्याकाळी पान, रात्री क्रिकेट. बाई गल्लीतून जाते ती पिशवी घेऊन, कुठून तरी कुठे तरी. आज तिने पायरीवर बसून गल्ली बघितली, सकाळपासून अंधार पडेपर्यंत, आणि कुणी विचारलं नाही.

पुणं वारकऱ्याला उपाशी ठेवत नाही, ही माझ्या गावाची मोठीच गोष्ट आहे. दर चार पावलांवर कुणी द्रोण पुढे करतं. पण भाकरी चारचौघांत खाता येते. अंग धुणं, पाळीच्या दिवसांत कापड बदलणं, भेगाळलेल्या पायांची माती नीट घासून काढणं चारचौघांत होत नाही. वारीत बायका मोठ्या संख्येने चालतात, आणि टँकरच्या कडेला लुगड्यासकट अंगावर पाणी ओतून घेऊन तसंच ओलं अंगावर वाळवतात. एका आजींनी न्हाणीत इतका वेळ लावला की बाहेरच्या रांगेत कुजबुज सुरू झाली. काकूंनी रांगेला सांगितलं, “असू दे, आळंदी सोडल्यापासून पहिलीच असेल त्यांची.” आजी बाहेर आल्या, केस मोकळे, चेहरा लख्ख. त्यांनी काकूंच्या पायाला हात लावला, काकूंनी त्यांच्या. वारीतली ही रीत मला सर्वांत आवडते. तिथे कोण देणारी नि कोण घेणारी हे ठरवू देत नाहीत, दोघी माउलीच.

दुपारी नऊवारी वाळवायचा प्रश्न आला. नऊ वार म्हणजे आठ मीटरच्या वर कापड, आणि हवा पावसाळी. सज्ज्यापासून सज्ज्यापर्यंत दोऱ्या बांधल्या. हिरवी, तपकिरी, जांभळी लुगडी अख्ख्या गल्लीवर आडवी झाली आणि खालून जाणारे टाळकरी मान वाकवून जाऊ लागले. सर आली की सगळ्या धावायच्या. शेवटी घराघरांतून इस्त्र्या निघाल्या. दमट कापडावर इस्त्री फिरवताना जो वास येतो, त्याने माजघर भरून गेलं.

थोरल्या काकूंना विचारलं, हे पहिल्यांदा सुचलं कुणाला. त्या म्हणाल्या, “पानशेत.” १२ जुलै १९६१. धरण फुटलं आणि मुठेचं पाणी पेठांत शिरलं. काकू तेव्हा परकर-पोलक्यातल्या. त्यांचं घर उंचावर, तिथवर पाणी पोचलं नाही. नदीकडच्या, कुंभारवाड्याच्या अंगाची घरं मात्र गेली. “सगळे अन्न घेऊन धावले. पिठलं, भाकऱ्या, पातेली भरभरून. आमच्या आईने एका बाईच्या हातात ताट दिलं, तर ती घेईना. गळ्यापर्यंत चिखल होता तिच्या. म्हणाली, आधी अंग धुऊ द्या, मग जेवते.” काकूंच्या आईने न्हाणी उघडून दिली. संध्याकाळपर्यंत ओळखी-अनोळखीच्या किती बायका आत जाऊन आल्या, याची मोजदाद नव्हती. काकू दाराशी उभ्या होत्या, पोरगेल्या वयाच्या, राखणीला.

आता हा वाडाही जायचा आहे. करार झाला आहे, वर्षभरात सहा मजली इमारत उभी राहील म्हणतात. मला वाडे फार सुंदर होते असं म्हणवत नाही; गळकं छप्पर आणि आठ बिऱ्हाडांत दोन न्हाण्या मी भोगल्या आहेत. प्रत्येकीला आपली मोरी मिळावी, हे चांगलंच. पण फ्लॅटमधली न्हाणी बेडरूमच्या आत असते, चौथ्या मजल्यावर. चिखलाच्या पायांच्या अनोळखी बाईला लिफ्टने वर न्यायचं, बेडरूममधून आत पाठवायचं, हे होईल का, यावर संध्याकाळी चहा पिता पिता मोठी चर्चा झाली. खराडीची मुलगी म्हणाली, मी नेईन. भाजीवाल्या वहिनी म्हणाल्या, तू नेशील गं, पण ती यायला बुजेल. बालवाडीच्या बाईंनी मार्ग काढला, खाली पार्किंगमध्येच एक न्हाणी बांधून घ्यायची, सगळ्यांची मिळून, एरवी कामवाल्या मावशींनाही उपयोगी पडेल. बिल्डरच्या माणसाला तिथल्या तिथे फोन लावला. तो म्हणाला, बघू.

काकूंनी फोन मागून घेतला. “बघू नको, नकाशात दाखव.”

मग जागेवरून वाद सुरू झाला. जिन्याखाली घ्यावी तर डोकं आपटेल, मीटरच्या खोलीशेजारी घ्यावी तर पाण्याची लाइन लांब पडेल, आणि मागच्या भिंतीला घ्यावी तर दोन गाड्यांची जागा जाते. गाड्या कुणाच्या जातात यावर वहिनी आणि बालवाडीच्या बाई अजून बोलतच होत्या.