टाच टेकत नाही

पेशीचे केंद्रक हा विषय कला शाखेच्या मुलीने कशाला घ्यावा, असे वाचकांना वाटेल. मैत्रिणींनी तर मला वेड्यातच काढले. पण आमच्या घरात जे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे त्याचे मूळ त्या केंद्रकात आहे, आणि त्याविषयी छापलेले वाचू शकणारी घरातली मी पहिलीच.

माझे थोरले मामा चवड्यांवर चालत. लहानपणापासून त्यांच्या टाचा भुईला टेकत नसत, कोपरे सरळ होत नसत, मान खाली वाकत नसे. पंगतीत पुढचे पान दिसेना म्हणून आजी त्यांची थाळी डब्यावर ठेवी. पुढे भरली घागर उचलवेनाशी झाली. एकतिसाव्या वर्षी एका रात्री झोपले, ते सकाळी उठलेच नाहीत. गावात कोणी म्हणे बाहेरची बाधा, कोणी म्हणे नवस फेडला नाही. सगळा दोष आजीच्या कुशीला! धाकटे मामा धडधाकट आहेत आणि तेही त्याच कुशीतले, हे मात्र कुणाच्या ध्यानात येत नसे.

आता माझा अकरा वर्षांचा भाऊ तसाच चालू लागला आहे. एका दवाखान्यात त्याला दोन वर्षे कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या. शेवटी शहरातल्या एका डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न केला, "आईच्या माहेरी असं कुणाला होतं का?" रक्ताच्या तपासणीनंतर नाव कळले : एमरी-ड्रायफस स्नायुविकार. १९६६ साली अमेरिकेतील व्हर्जिनियामधल्या एका कुटुंबावरून एमरी आणि ड्रायफस यांनी तो वेगळा आजार म्हणून मांडला होता.

केंद्रकाच्या पडद्याला आतून लॅमिन नावाच्या प्रथिनांच्या जाळीचे अस्तर असते. आमच्याकडच्या कुडाच्या भिंतीला आतून कामट्या असतात तसे. पडदा आणि जाळी यांना बांधून ठेवणाऱ्या प्रथिनांपैकी एक म्हणजे एमेरिन. त्याचे जनुक १९९४ मध्ये सापडले. भावाच्या शरीरात हे एमेरिनच तयार होत नाही. स्नायू आणि हृदय सतत ताणले जातात, म्हणून तिथली केंद्रके आधी खचतात, असे एक स्पष्टीकरण देतात. हृदयाच्या ठोक्याचा संदेश वाटेतच अडतो. मामा झोपेत का गेले असतील, ते हे वाचताना उमगले आणि पुस्तक मिटून ठेवावे लागले.

जाळीतल्या लॅमिन-ए मध्येच बिघाड झाला तर याच जातीचे दुसरे आजार होतात. 'पा' या २००९ च्या चित्रपटातल्या मुलाचा प्रोजेरिया, म्हणजे बालपणीचे वार्धक्य, हा त्यातलाच. त्याचे कारण २००३ मध्ये कळले, आणि व्याकरणाच्या विद्यार्थ्याला ते फार रंजक वाटेल. जनुकातले एकच अक्षर बदलते. त्या अक्षराने शब्दाचा अर्थ बदलतच नाही; पण पदच्छेद भलत्या ठिकाणी होतो आणि प्रथिनाचे पन्नास घटक गळून पडतात! हा बदल बहुधा आईकडेही नसतो, बापाकडेही नसतो. मुलातच नव्याने घडतो. तिथेही लोक कुणाची तरी कूस शोधतच असतील.

आमच्याकडे तसे नाही. एमेरिनचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. आईकडे अशी दोन गुणसूत्रे, त्यामुळे एक बिघडले तरी दुसरे बहुतेक निभावून नेते. मुलाकडे एकच. अशा आईच्या प्रत्येक मुलाला आजार होण्याची आणि प्रत्येक मुलीने तो पुढे वाहण्याची शक्यता निम्मी-निम्मी. म्हणजे माझीही.

दादा म्हणतात, "पोरीचं लग्न ठरेस्तोवर ते रक्तबिक्त नको. सोयरिकीत बोभाटा होईल." त्यांचा मला राग येत नाही, मामांच्या पायांवरून आईची दोन स्थळे मोडली होती. पण आजार लपवला म्हणून ठोका थांबायचा राहत नाही. स्नायूंवर औषध नाही, तरी मंदावलेल्या हृदयाला पेसमेकर बसवता येतो. तो केव्हा बसवायचा हे कळायला नियमित तपासणी लागते. भावाचा ईसीजी आता दर वर्षी काढतो. आजार वाहणाऱ्या बायकांच्याही ठोक्यात कधी कधी बिघाड होतो, असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दिवाळीच्या सुट्टीत आईला आणि मला रक्त द्यायला जायचे आहे. पैसे आईने शेळी विकून बाजूला काढले आहेत. दादांना अजून सांगितलेले नाही.