पडवीतला कोड

धोपाव्याहून फेरीबोट सुटली की वाशिष्ठी खाडीपलीकडे आम्ही दाभोळची शाही मशीद शोधू लागतो. गावात तिला अंडा मशीदही म्हणतात.

दोन वर्षांपूर्वी नानांकडून तिच्या आणि जुन्या बंदराच्या गोष्टी आम्ही मोबाइलवर रेकॉर्ड केल्या. इंटरनेटवर फुकट जागा मिळाली, तिथे पान तयार केलं आणि त्याचा क्यूआर कोड छापून घराच्या पडवीत चिकटवला. कुवेतहून आलेले पाहुणेही हौसेने त्यावर मोबाइल धरत.

नाना शाबानमध्ये अल्लाहला प्यारे झाले. ईदला गेलो, तर पान उघडेना. कागदाचा कोपरा फाटलेला. वाटलं, त्यामुळेच असेल. पण १९९४ साली जपानमध्ये हा कोड तयार झाला तो कारखान्यातल्या वापरासाठी. थोडा मळला, फाटला तरी वाचता यावा अशीच त्याची रचना. कोड ठीक होता. फुकटची जागा बंद झाली होती. कोडमध्ये नानांचा आवाज नव्हताच, नुसता पत्ता होता.

इद्दतमधली नानी रोज त्या कागदावरची धूळ पुसत होती. तिला काय सांगणार?

जुने मोबाइल धुंडाळले. मूळ रेकॉर्डिंग भाईजानच्या मोबाइलमध्ये सापडलं, अलहम्दुलिल्लाह! आता स्वतःच्या नावाचा पत्ता घेतलाय. पान दुसरीकडे हलवलं तरी छापलेला कोड चालेल. पत्त्याचे वार्षिक पैसे मात्र चुकवायचे नाहीत, ते भाईजानकडे. कोडखाली पत्ता अक्षरांतही छापला.

“आधी मला ऐकवा,” नानी म्हणाली आणि मोबाइल कानाला लावून बसली. संध्याकाळची फेरीबोट आम्ही जाऊ दिली.