बिल्ल्याचा नंबर

आमच्या वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. मुलांना परगावी पाठविताना ते दोन गोष्टी हमखास देत: दशम्यांचा डबा आणि सूचनांचा कागद. 1974 साली मी मिरजेहून मुंबईस प्रथमच एकटी निघाले, तेव्हाचा तो कागद मला अजून तोंडपाठ आहे. सामान हाती देण्यापूर्वी हमालाच्या दंडावरील बिल्ल्याचा नंबर पाहावा. टॅक्सी रांगेतलीच घ्यावी. भाड्याचे पैसे निराळे ठेवावेत. आणि आपण मुंबईत नवीन आहोत हे कोणासही सांगू नये. यातले शेवटचे कलम पाळणे मला फार जड गेले, कारण ते माझ्या चेहऱ्यावरच लिहिलेले होते!

गेल्या पावसाळ्यात हा कागद पुन्हा आठवण्याचा प्रसंग आला, तोही वयाच्या 68 व्या वर्षी. लेक बंगळूरला एचएसआर लेआउटमध्ये राहते. होसूर-सर्जापूर रोड या नावाच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून वसाहतीस हे नाव पडले. तिचे दिवस भरत आले होते, जावई कामासाठी बाहेरगावी गेलेले, आणि डॉक्टरांनी तिला एकटे न राहण्याविषयी बजावले होते. मी पुण्याहून मिळेल त्या विमानाने निघाले. रात्री 9 च्या सुमारास पोचावयाचे ते विमान उतरले तेव्हा 12 वाजून गेले होते.

या शहरातला जुना विमानतळ लेकीच्या घरापासून फारसा दूर नव्हता. मे 2008 मध्ये तेथील नेहमीची प्रवासी वाहतूक बंद होऊन ती देवनहळ्ळीजवळच्या नव्या विमानतळावर गेली. हा विमानतळ शहराच्या उत्तरेस आणि एचएसआर आग्नेयेस, म्हणजे मध्ये चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरांची वाट. दिवसा गर्दीचा त्रास, पण माणसांची सोबत असते. रात्री गर्दी नाही आणि सोबतही नाही. शहराकडे जाणाऱ्या 'वायुवज्र' नावाच्या सरकारी बसगाड्या आहेत, आणि सामान थोडे असेल तर मी त्याच पसंत करीन. पण बस उतरवून देते ती मोठ्या रस्त्यावर. तेथून दारापर्यंतचा पल्ला मध्यरात्री कोणी चालावा?

विमानतळाच्या आवारात केंपेगौडांचा 108 फुटी पुतळा आहे. 2022 मध्ये त्याचे अनावरण झाले आणि तो घडविला आपल्या धुळे जिल्ह्यातले शिल्पकार राम सुतार यांनी. शिवाय 1638 नंतर हे गाव शहाजीराजांच्या जहागिरीत होते. तेव्हा हा मुलूख काही अगदीच परका नव्हे, अशी मी मनाची समजूत घातली. पण सभोवती कानडी कानावर पडू लागले आणि ती समजूत दोन मिनिटांत विरघळली.

लेकीचा फोन आला. "आई, मी इथूनच गाडी मागवली आहे. गाडीचा नंबर आणि चालकाचं नाव तुला पाठवलं आहे. गाडीत बसल्यावर चार आकडे सांगायचे, आधी नाही. आणि चालकाला 'अण्णा' म्हण. इथे मोठ्या भावाला अण्णाच म्हणतात."

फोनची बॅटरी संपत आलेली पाहून मी पिशवीतली डायरी काढली आणि नंबर पेनने लिहून घेतला. जुन्या माणसांच्या या खोडीला मुले हसतात, खुशाल हसोत. मग मोठ्याने, म्हणजे नको तितक्या मोठ्याने, मी लेकीला विचारले, "सेक्टर एकच ना गं? अगर तलावाजवळ?"

पाचच मिनिटांत एक नीटनेटका तरुण समोर आला. "अम्मा, एचएसआर, सेक्टर एक? बेटीने भेजा है. चलिए." त्याने बॅगेला हातही घातला. थकवा असा होता की मी चार पावले त्याच्यामागे गेले, हे कबूल करते. मग अण्णांचा बिल्ला आठवला. मी त्याच्या गाडीची पाटी पाहिली. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरे, म्हणजे खाजगी गाडी. भाड्याच्या गाडीची पाटी पिवळी असते. ती विजेवर चालणारी असेल तर हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरे. नंबरही डायरीतला नव्हता. मी विचारले, "कोणाला न्यायला आलात? नाव सांगा." तो हसला, काहीतरी पुटपुटला आणि गर्दीत मिसळून गेला. कदाचित चार पैसे अधिक मिळवू पाहणारा गरजू मुलगा असेल. तशा घटकेला मात्र 'कदाचित'वर बॅग सोपवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ही म्हातारीची भित्री कल्पना नव्हे. डिसेंबर 2005 मध्ये याच शहरात रात्रपाळीस निघालेली एक तरुणी कंपनीने पाठविलेली गाडी समजून भलत्याच चालकाच्या गाडीत बसली आणि जिवंत परतली नाही. नोव्हेंबर 2007 मध्ये आमच्या पुण्यात तर गाडी नेमून दिलेलीच होती. घात केला तो चालकाने आणि त्याच्या सोबत्याने. म्हणजे नंबर जुळला तरी काम निम्मेच झाले. आपण कोणत्या गाडीत, कोठवर आलो हे जाणणारे कोणीतरी जागे असावे लागते. पूर्वी हे काम स्टेशनवर कंदील घेऊन उभा राहिलेला मामा किंवा काका करी.

डायरीतल्या नंबरची गाडी आली. चालक पन्नाशीचा, अबोल. मागे बसण्यापूर्वी दार आतून उघडते ना, तेही मी पाहून घेतले. वाटेतली नावे लेकीने क्रमाने पाठ करविली होती: हेब्बाळ, कृष्णराजपुरम्, मारतहळ्ळी, बेळ्ळंदूर, अगर. परवचा म्हणावा तशी मी ती मनात म्हणत होते. हेब्बाळचा पूल आला आणि गाडी डावीकडे न वळता सरळ निघाली. माझ्या पोटात गोळा आला. तोच फोन वाजला. लेकीच्या पडद्यावर गाडीचा ठिपका सरकत होता, आणि वाट बदललेली तिला माझ्याइतकीच लवकर कळली होती.

"आई, घाबरू नकोस. फोन अण्णांना ऐकू येईल असा धर."

दोघे कानडीत बोलले. रिंग रोडवर मेट्रोचे काम चालू असल्याने तो मेखरी सर्कलवरून, गावातून नेत होता. बोलणे संपताच फोन विझला. चालकाने आपली तार मागे दिली आणि मोडक्या हिंदीत म्हणाला, "अम्मा, पहले बोलना था मेरे को. गलती मेरा." थोड्या वेळाने त्याने आपणहून सांगितले की त्याची बायको कोलारला असते, आणि रात्रीच्या प्रत्येक खेपेला तोही तिला गाडी कोठे आहे ते कळवून ठेवतो. रात्री मागे कोण येऊन बसेल, ते आम्हांला तरी कुठे ठाऊक, असे तो म्हणाला. माझ्या भीतीची मला लाज वाटली नाही. पण गाडीत भ्यालेली माणसे दोन होती, हे तोवर माझ्या ध्यानात आले नव्हते.

एचएसआरमध्ये शिरल्यावर घर सापडेना. तेथे रस्त्यांना नावे थोडी, आकडे फार. आणि एका सेक्टरमधला क्रॉसचा आकडा दुसऱ्यातही भेटतो. फाटके बंद, कुत्री मात्र जागी. दोनदा वळसा घेतल्यावर अखेर गॅलरीत दिवा दिसला.

चालकाने बॅग उतरवली, पण तो निघाला नाही. पहारेकरी उठून कुलूप काढीपर्यंत त्याने गाडीचे दिवे फाटकावर रोखून धरले. लेक एक हात कमरेवर ठेवून हळूहळू जिना उतरत होती. मी वळून म्हटले, "येते, अण्णा." कित्येक वर्षांनी हा शब्द माझ्या तोंडून कोणाला तरी हाक म्हणून निघाला होता.

त्याने मान डोलावली आणि कानाला फोन लावला. पलीकडून पहिल्याच घंटेला कोणीतरी उचलला असावा, कारण तो लगेच बोलू लागला.